गिऱ्हाईक बेळगाव कसं लिहितं? सीमाभागातल्या छोट्या धंद्यासाठी गूगल

पुण्यात बसून कुंद्याची, म्हणजे बेळगावी मिठाईची, आठवण झालेला माणूस गूगलवर इंग्रजीत जुन्या स्पेलिंगनं, म्हणजे एयूएम-ने संपणारं बेळगाव लिहितो. चंदगडहून लग्नाचा बस्ता बांधायला निघालेलं कुटुंब फोनच्या माईकला मराठीत सांगतं, ‘बेळगाव शहापूर साडी दुकान’. गोकाककडचा शेतकरी पंपदुरुस्ती कन्नडमध्ये शोधतो. बदली होऊन कॅम्पात आलेलं लष्करी कुटुंब हिंदीत ‘बेलगाम’ लिहितं. सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून व्हीआय-ने संपणारं नवं स्पेलिंग आहे, आणि कॉलेजातली मुलं सर्रास तेच वापरतात.

एका गावाची ही चार-पाच रूपं. सांगली-सोलापूरच्या दुकानदाराला ही भानगड नसते, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या सल्लागारांच्या यादीतही ती नसते. नकाशावर शोधताना ती फारशी अडचणीची नाही. ही सगळी नावं एकाच शहराची आहेत हे गूगलला कळतं. घोळ होतो तो दुकानाच्या नावात, मालाच्या नावात, वेबसाइटच्या पानांवर आणि पैसे देऊन केलेल्या जाहिरातीत. म्हणून सुरुवात फोनवर नको, कागदावर करायची.

आधी एक कागद

कागदावर दुकानाचं नाव इंग्रजीत एकाच स्पेलिंगनं लिहा आणि ते कायमचं ठरवून टाका. नावात ‘श्री’ असेल तर इथेच पहिली चूक होते. महाराष्ट्राच्या सवयीनं ‘श्री’ला एच लागतो आणि शेवटी कधी एक आय, कधी दोन ई. कर्नाटकाच्या सवयीनं एच गळतो. पाटीवर एक, जीएसटीच्या दाखल्यावर दुसरं आणि फेसबुकवर तिसरं, अशी दुकानं प्रत्येक गल्लीत सापडतील. ‘लक्ष्मी’, ‘ज्योतिर्लिंग’, ‘बसवेश्वर’ यांचीही तीच गत. जीएसटी किंवा ट्रेड लायसन्सवरचं स्पेलिंग धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. पुढे पडताळणीच्या वेळी तोच कागद मागितला जातो.

त्याखाली पत्ता एकाच पद्धतीनं लिहा: सीटीएस नंबर, गल्ली, भाग, पिनकोड. मग एकच फोन नंबर. ०८३१ ची लँडलाइन आणि मोबाइल दोन्ही असतील, तर जो दिवसभर खरोखर उचलला जातो तो पहिला. शेवटी दुकानाचं नाव आणि विक्रीच्या मुख्य पाच-सहा वस्तू मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहून काढा. कन्नड नीट येत नसेल तर शेजारच्या दुकानदाराकडून लिहून घ्या. मशीन-भाषांतर नको, कारण ‘करदंट’ या गोकाकच्या मिठाईसारख्या शब्दाचं ते काय करील याचा नेम नाही.

लोक काय शोधतात हे तपासायला पैसे लागत नाहीत. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, मालाचं नाव आणि एक जागा सोडून बेळगावचं एक-एक रूप लिहा. एंटर दाबू नका. खाली ज्या सूचना पडतात त्या लोकांच्या खऱ्या शोधांवरून येतात. त्या कागदावर उतरवा. गूगल ट्रेंड्सवर दोन्ही इंग्रजी स्पेलिंगं शेजारी-शेजारी टाकून कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशी राज्यं बदलून बघा. गिऱ्हाईक कुठून येतं त्यानुसार कुठलं स्पेलिंग पुढे ठेवायचं ते तिथे ठरतं.

नकाशावरचं दुकान

छोट्या धंद्याला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक आणून देणारी गोष्ट वेबसाइट नव्हे, गूगल बिझनेस प्रोफाइल आहे. नाव शोधल्यावर उजवीकडे किंवा नकाशाखाली फोटो, वेळ, फोन आणि ‘दिशा’चं बटण दिसतं, तेच हे. पूर्वी याला गूगल माय बिझनेस म्हणत, २०२१ मध्ये नाव बदललं. ते फुकट आहे आणि फुकटच राहतं.

नवं उघडण्याआधी नकाशावर आपल्या दुकानाचं नाव सगळ्या स्पेलिंगांनी शोधून घ्या. एखाद्या गिऱ्हाइकानं ते आधीच घातलेलं असतं. तसं असेल तर त्यावरच ‘हा व्यवसाय तुमचा आहे का’ दाबून ताबा घ्या. दुसरं उघडलं की एकाच दुकानाच्या दोन नोंदी होतात, परीक्षणं दोघांत वाटली जातात आणि पुढे त्यातली एक बंद पडते. ती नेमकी जास्त परीक्षणांची असू शकते.

नावाच्या रकान्यात पाटीवरचं नाव, बस्स. ‘अमुक स्वीट्स बेळगाव बेस्ट कुंदा होलसेल’ असं लिहिण्याचा मोह सगळ्यांना होतो. थोडे दिवस त्याचा फायदाही दिसतो. पण हे गूगलच्या नियमाविरुद्ध आहे आणि शेजारचा स्पर्धक एका बटणानं तक्रार करू शकतो. प्रोफाइल निलंबित झालं की दुकान नकाशावरून गायब. वेगवेगळी स्पेलिंगं आणि मालाची नावं घालायला वर्णनाचा रकाना आहे. त्यात ७५० अक्षरं बसतात. तिथे सहज वाचवेल असं लिहा: दुकान शहापुरात आहे, इरकल आणि शहापुरी साड्या मिळतात, चंदगड-खानापूरहून येणाऱ्यांसाठी बसस्टँडपासून कसं यायचं. मात्र वर्णनात शब्द कोंबून क्रम वर जात नाही. वर्णन वाचणाऱ्या माणसासाठी असतं.

क्रमाला खरा जोर मिळतो मुख्य प्रकारामुळे. गूगलची प्रकारांची यादी ठरलेली आहे, त्यातूनच निवडावं लागतं: एक मुख्य आणि जास्तीत जास्त नऊ जोडप्रकार. इथे नेहमीची चूक म्हणजे फार मोठं छत्र निवडणं. साड्यांच्या दुकानानं ‘कपड्यांचं दुकान’ निवडलं तर जीन्सवाल्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं. ‘साडीचं दुकान’ निवडलं तर रांग लहान होते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीनं ‘उत्पादक’ न निवडता ‘फाउंड्री’ निवडावं. आपल्या धंद्यात आधीच वर दिसणाऱ्या तीन दुकानांच्या नावाखाली कुठला प्रकार लिहिलेला आहे तो बघा, निम्मं काम तिथेच होतं.

पिन नीट रोवा. गल्लीबोळात आणि जुन्या वाड्यांत गूगल पत्त्यावरून अंदाजानं पिन टाकतं, ती मागच्या गल्लीत पडते आणि गिऱ्हाईक चुकीच्या दारात उभं राहतं. उपग्रहाचं चित्र चालू करा, पिन बोटानं ओढून दुकानाच्या दारावर आणा. मग दुसऱ्याच्या फोनवर ‘दिशा’ लावून एकदा मोटरसायकलनं तपासून घ्या.

वेळ भरताना दुपारची झोप लपवू नका. एका दिवसाला दोन वेळा भरता येतात: ९ ते १, मग ४ ते ९. गणेशोत्सव, दिवाळी, १ नोव्हेंबरचा राज्योत्सव, गावची जत्रा यांसाठी ‘विशेष वेळ’ वेगळी भरायची. गूगलवर ‘उघडं’ बघून वीस किलोमीटरवरून आलेल्या माणसाला कुलूप दिसलं की तो आधी एक तारा देतो, मग घरी जातो.

पडताळणीचा व्हिडिओ

आजकाल बहुतेकांना व्हिडिओनंच पडताळणी करावी लागते. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ चालत नाही. त्याच वेळी, फोनवरच, एका दमात न थांबता काढायचा, निदान अर्धा मिनिट. बरेच व्हिडिओ नापास होतात ते दुकान खोटं असतं म्हणून नव्हे, तर काय दाखवायचं ते ठरवलेलं नसतं म्हणून. हा क्रम धरा:

१. रस्त्यावर उभं राहून सुरुवात करा. गल्लीचं नाव किंवा चौकाची पाटी, शेजारची दोन दुकानं, मग आपली पाटी.
२. पाटीवर कॅमेरा तीन-चार सेकंद स्थिर ठेवा.
३. शटरचं कुलूप स्वतः उघडा. मालक तुम्ही आहात याचा हा सगळ्यात सोपा पुरावा.
४. आत माल, वजनकाटा, यंत्र, बिलबुक दाखवा.
५. गल्ल्यामागे जा. भिंतीवरचं ट्रेड लायसन्स किंवा जीएसटीचा दाखला वाचता येईल इतक्या जवळून घ्या.

माणसांचे चेहरे, बँकेचा तपशील, आधार कार्ड यातलं काही दाखवायची गरज नाही. पाटीबद्दल एक गोष्ट इथली. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं, त्यामुळे कन्नड नाव मोठं आणि इंग्रजी-मराठी लहान असते. प्रोफाइलवर नाव इंग्रजीत असेल तर व्हिडिओत पाटीचा इंग्रजी भागही स्पष्ट दिसू द्या, आणि दोन्हीकडे उच्चार एकच ठेवा. निकालाला पाच कामाचे दिवस लागू शकतात. तोवर काही बदलू नका.

नंतरही नाव, पत्ता आणि प्रकार एकाच दिवशी बदलू नका. असे बदल एकदम झाले की पुन्हा पडताळणी मागितली जाते किंवा निलंबन येतं. निलंबनावर अपील करता येतं, पण अपील सुरू केल्यावर पुरावे जोडायला ६० मिनिटंच मिळतात. म्हणून आधी जीएसटी दाखला, ट्रेड लायसन्स, हेस्कॉमचं वीजबिल यांचे स्वच्छ फोटो फोनवर काढून ठेवा. तिन्हीवर नाव-पत्ता तोच हवा. नसेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, मग अपिलाचं बटण.

घरून धंदा करणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे. वेल्डर, पंपदुरुस्ती, मेंदी काढणारी ताई अशा गिऱ्हाइकाच्या घरी जाणाऱ्यांनी पत्ता लपवावा आणि सेवेचा भाग भरावा. वीसपर्यंत भाग भरता येतात, आणि सगळा पसारा गाडीनं दोनेक तासांच्या आत असावा अशी अपेक्षा असते. ‘संपूर्ण कर्नाटक’ भरून फायदा नाही. अंतर हा क्रमाचा एक मोठा घटक आहे आणि रायचूरच्या शोधात तुम्ही दिसणार नाहीच. जी ताई चकल्या फक्त कुरिअरनं पाठवते, गिऱ्हाईक तिला कधी भेटतच नाही, तिला हे प्रोफाइल उघडता येत नाही. तिनं थेट वेबसाइटच्या भागाकडे जावं.

परीक्षणं

परीक्षणं मागायला लाजू नका. प्रोफाइलमध्ये ‘परीक्षण मागा’ दाबलं की दुवा आणि क्यूआर कोड मिळतो. तो छापून गल्ल्यावर यूपीआयच्या कोडापासून हातभर दूर लावा. शेजारी लावला तर लोक पैसे भरायला तोच स्कॅन करतात. योग्य क्षण म्हणजे माल हातात पडून माणूस खूष असताना. बदल्यात सवलत, पेढा, लकी ड्रॉ काही देऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे. पंचवीस नातेवाइकांकडून एका संध्याकाळी पाच-पाच तारे घेतले तर गूगलला ते दिसतं, आणि ती परीक्षणं उडतात, कधी खरीही त्यांच्याबरोबर जातात. आठवड्याला दोन-तीन, वर्षभर, हे चांगलं.

उत्तर गिऱ्हाइकाच्या भाषेत द्या. कन्नड परीक्षणाला कन्नडमध्ये दोन ओळी लिहिल्या तर पुढचं कन्नड गिऱ्हाईक ते वाचतं. येत नसेल तर इंग्रजीत, पण कन्नड प्रश्नाला मराठीत उत्तर देऊन वाद ओढवून घेऊ नका, धंद्याला ते परवडत नाही. वाईट परीक्षणाला चोवीस तासांत, तीन वाक्यांत, फोन नंबरासकट उत्तर. नियमभंग असेल, म्हणजे शिव्या, चुकीचं दुकान किंवा स्पर्धकानं लिहिलेलं, तरच तक्रारीचं बटण दाबा. ‘सर्व्हिस स्लो’ हा नियमभंग नव्हे.

फोटो जेपीजी किंवा पीएनजी, ७२० बाय ७२० पिक्सेलच्या वर, पाच एमबीच्या आत. दुकानाचा दर्शनी फोटो रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काढा, कारण माणूस ज्या बाजूनं येतो त्या बाजूनं त्याला दुकान ओळखावं लागतं. बाकी माल, दर दिसेल असा. देवाच्या फोटोला हार घातलेला उद्घाटनाचा फोटो मुखपृष्ठावर ठेवू नका, त्यात माल कुठेच दिसत नाही.

डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतं तेव्हा बाहेरगावची माणसं शहरात दहा-बारा दिवस मुक्कामाला असतात. खानावळ, लॉज, गाडी भाड्यानं देणाऱ्यांनी त्याआधी प्रोफाइलवर ‘अपडेट’ टाकावं. मजकूर १,५०० अक्षरांपर्यंत चालतो, पण त्यात फोन नंबर लिहू नका, अशी पोस्ट बऱ्याचदा नाकारली जाते. नंबरासाठी बटण वेगळं असतं.

वेबसाइट कुणाला लागते

गल्लीतल्या किराणा दुकानाला, सलूनला लागत नाही. कुरिअरनं माल पाठवणाऱ्याला लागते, जांबोटी-चोर्ल्याच्या वाटेवर होमस्टे चालवणाऱ्याला लागते, आणि उद्यमबाग-मच्छे भागातल्या कारखान्याला तर फारच लागते. गूगल पूर्वी प्रोफाइलबरोबर एक साधी फुकट वेबसाइट देत असे. ती मार्च २०२४ मध्ये बंद झाली. जुन्या व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता छापलेला असेल तर कार्डं बदला.

डोमेन स्वतःच्या नावानं, स्वतःच्या ईमेलवर घ्या. पहिल्या वर्षाचा दर बघून फसू नका, नूतनीकरणाचा दर आधी विचारा. तेच खरं वर्षाचं भाडं.

आता सीमाभागातल्या वेबसाइटांची सगळ्यात मोठी चूक: मजकूर छापखान्यातून आलेला असतो. श्री-लिपीत मराठी, नुडीत कन्नड. हे जुने फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत, नव्हेत. कागदावर सुंदर छापतात, पण आत साठवलेली अक्षरं भलतीच असतात आणि शोधयंत्राला ती निरर्थक इंग्रजी कचऱ्यासारखी दिसतात. दुसरा प्रकार म्हणजे अख्खं पत्रक फोटो म्हणून पानावर चिकटवलेलं. तपासणी सोपी आहे: फोनवर वेबसाइट उघडा, एक ओळ बोट दाबून निवडा, कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवा. मराठी उमटलं तर ठीक. चिन्हांचा खिचडा उमटला किंवा ओळ निवडताच आली नाही, तर त्या पानावर शोधयंत्राच्या कामाचा मजकूर जवळपास नाहीच. तो युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या, रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं नंतर डोळ्यांनी तपासावी लागतात.

भाषा वेगळी तर पान वेगळं, पत्ताही वेगळा. एकाच पानावर मराठी परिच्छेद, खाली कन्नड, खाली इंग्रजी असं केलं की ते पान कुठल्याच भाषेत नीट वर येत नाही. प्रत्येक पानाच्या आत बाकीच्या भाषांतल्या पानांचा ‘एचरेफलँग’ टॅग, म्हणजे हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे हे गूगलला सांगणारी खूण, हवा, आणि तो दोन्ही बाजूंनी हवा. मराठी पान कन्नडकडे बोट दाखवतं पण कन्नड परत दाखवत नाही, असं असेल तर गूगल तो टॅग धरत नाही. वेबसाइट बनवणाऱ्याला हे एवढंच वाक्य वाचून दाखवलं तरी त्याला कळेल. न कळलं तर माणूस बदला. तीन भाषा झेपत नसतील तर इंग्रजी आणि आणखी एक पुरे. अर्धवट कन्नड पानापेक्षा नसलेलं बरं.

पानाच्या शीर्षकात पहिली पन्नास-साठ अक्षरंच निकालात दिसतात. ‘मुख्यपृष्ठ – स्वागत आहे’ यात ती वाया घालवू नका. ‘बेळगावी कुंदा, अर्धा किलो, पुणे-गोवा घरपोच’ असं वस्तूपासून सुरू करा. इंग्रजी पानावर एक स्पेलिंग शीर्षकात आणि दुसरं मजकुरात ओघानं एकदा-दोनदा आलं की पुरे. ‘मेटा कीवर्ड’, म्हणजे पानाच्या आत लपवलेली शब्दांची यादी, भरण्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. क्रम लावताना तो टॅग वापरत नाही हे गूगलनं २००९ मध्येच सांगून टाकलंय.

कारखानदारांसाठी थोडं जास्त. चाकणचा खरेदी अधिकारी ‘बेस्ट फाउंड्री’ शोधत नाही. तो शोधतो ‘एफजी २६० कास्टिंग’, ‘एसजी आयर्न ५००/७’, ‘हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडी मशिनिंग’. म्हणून ‘आमची उत्पादनं’ असं एक पान करून त्यात वीस फोटो टाकण्याऐवजी प्रत्येक प्रक्रियेचं वेगळं पान करा. त्यावर धातूचा दर्जा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन किलोत, मोल्डिंगची पद्धत, महिन्याची क्षमता टनांत, तपासणीची साधनं, पहिला नमुना किती दिवसांत. हे आकडे गिऱ्हाईक फोनवर विचारतंच. पानावर नसतील तर फोन येण्याआधीच ते कोल्हापूरच्या फाउंड्रीकडे वळतं. शिरोली काही फार लांब नाही.

फोनवर काढलेले चार-चार एमबीचे फोटो तसेच चढवू नका. रुंदी १,२०० पिक्सेल, आकार २०० केबीच्या आसपास. पेजस्पीड इनसाइट्स या फुकट साधनावर पत्ता टाका. पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे असा गूगलचा निकष आहे, आणि घाटातल्या नेटवर्कवर होमस्टे शोधणाऱ्याचा त्याहून कडक.

वेबसाइट तयार झाली की त्याच दिवशी गूगल सर्च कन्सोल जोडा, शोधात आपली वेबसाइट कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेन विकणाऱ्याकडच्या सेटिंगमध्ये) एक टीएक्सटी नोंद घालावी लागते, मग साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, द्यायचा. निकालात पान यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. महिन्यानंतर ‘परफॉर्मन्स’मध्ये लोकांनी नेमकं काय लिहून तुम्हाला पाहिलं ते दिसतं, सोळा महिन्यांपर्यंतचं. इथेच कळतं की लोक कुठलं स्पेलिंग वापरतात आणि कन्नड पान कुणी उघडतं का. दाखवलं खूपदा, दाबलं कमी, असं जिथे दिसेल तिथे शीर्षक बदला. शोध आहेत पण पानच नाही असं दिसलं तर पान लिहा.

आणि स्वतःच्या दुकानात बसून आपला क्रम मोजू नका. गूगल जवळचं आधी दाखवतं, त्यामुळे गल्ल्यावरून तुम्ही नेहमीच पहिले. टिळकवाडीतल्या मेव्हण्याला आणि निपाणीतल्या मावशीला बघायला सांगा.

पैसे देऊन जाहिरात: वर्तुळ काढा, राज्य नको

गूगल अ‍ॅड्समध्ये ठिकाण म्हणून ‘कर्नाटक’ निवडणं ही इथली सगळ्यात महाग चूक. पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूत पैसे उडतात आणि पस्तीस किलोमीटरवरचं चंदगड महाराष्ट्रात म्हणून बाहेर राहतं. त्याऐवजी ‘त्रिज्या’ निवडा. बेळगाव मध्ये ठेवून ५० किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर खानापूर, चंदगड, हुक्केरी, संकेश्वर, गोकाक आत येतात. निपाणी-चिकोडी आणि गोव्यातली वाळपई हवी असेल तर ६५ करा. हे अंतर सरळ रेषेत मोजलं जातं, घाट धरत नाही, तेव्हा वाळपईच्या गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष किती वेळ लागतो त्याचा विचार तुम्ही करा.

त्याच पडद्यावर खाली ‘ठिकाणाचे पर्याय’ असतात आणि आधीपासून ‘ठिकाणी असलेले किंवा रस दाखवणारे’ हे निवडलेलं असतं. दुकानासाठी ते बदलून ‘ठिकाणी असलेले’ करा. लॉज-होमस्टेला मात्र रस दाखवणारेच हवे असतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक अजून घरी बसलेलं असतं. भाषांत मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी चारही ठेवा. मराठी बोलणाऱ्या कितीतरी जणांचा फोन इंग्रजीतच असतो.

पहिलं खातं उघडताना गूगल झटपट मोहिमेकडे ढकलतं. ‘एक्स्पर्ट मोड’चा पर्याय दिसेल तो घ्या, सर्च मोहीम निवडा आणि ‘डिस्प्ले नेटवर्क’ची खूण काढा. नाहीतर लहान मुलं खेळत असलेल्या गेममध्ये तुमची जाहिरात दिसेल आणि त्यांची बोटं तुमचे पैसे दाबतील. कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसावी ते, फ्रेज मॅच किंवा एक्झॅक्ट मॅचमध्ये (त्याच अर्थाच्या शोधापुरते) घ्या आणि इथे मात्र गावाची सगळी रूपं वेगवेगळी घाला: दोन इंग्रजी स्पेलिंगं, मराठी, हिंदी, कन्नड. नको असलेले शब्दही द्यावे लागतात. कुंदेवाल्यानं ‘रेसिपी’, ‘कसा करायचा’, कारखान्यानं ‘नोकरी’, ‘व्हेकन्सी’, ‘पगार’ हे शब्द वगळलेच पाहिजेत. पहिले दोन आठवडे दर तीन दिवसांनी ‘शोधलेले शब्द’ बघा आणि ही यादी वाढवत न्या.

खर्चाचा हिशेब असा. रोजचं बजेट २०० रुपये ठेवलं तर एखाद्या दिवशी ४०० पर्यंत जाऊ शकतात, पण महिन्याला २०० गुणिले ३०.४, म्हणजे ६,०८० च्या वर नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण साधारण ७,१७४. जीएसटी क्रमांक खात्यात घातलेला असेल तर नियमित करदात्याला तो क्रेडिटमध्ये घेता येतो. फोन उचलायला माणूस असेल तेवढ्याच वेळात जाहिरात चालू ठेवा. दुपारी १ ते ४ दुकान बंद आणि जाहिरात चालू, म्हणजे वाजणाऱ्या फोनचे पैसे भरणं.

सीमेवरची आणखी एक गाठ. चंदगडचं घरगुती गिऱ्हाईक दुकानात येऊन माल घेऊन गेलं आणि बिलावर त्याचा महाराष्ट्रातला पत्ता नसेल तर विक्री कर्नाटकातलीच. तोच माल कुरिअरनं त्याच्या घरी पाठवला की आंतरराज्य विक्री होते आणि जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या) दुकानदाराला मालाची आंतरराज्य विक्री करता येत नाही. पुणे-गोवा घरपोचची जाहिरात लावण्याआधी कर सल्लागाराला हे विचारून घ्या. खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ अंकी नंबर आणि किती दिवसांत खायचा हे पानावर ठळक लिहा. कुंदा पाचव्या दिवशी पोचला आणि परत आला, तर त्याचा खर्च जाहिरातीपेक्षा जास्त पडतो.

चावी कुणाकडे

‘गूगलमधून बोलतोय, तुमचं प्रोफाइल बंद होणार आहे, ४,९९९ भरा’ असे फोन येतात. प्रोफाइलसाठी गूगल पैसे मागत नाही, फोन ठेवून द्या. पहिल्या क्रमांकाची लेखी हमी देणाऱ्यालाही तेच उत्तर, कारण तो क्रमांक विकत मिळत नाही. काम बाहेर द्यायचं असेल तर द्या, पण प्रोफाइलचा मालक तुमचा ईमेल असू द्या, एजन्सीला ‘व्यवस्थापक’ म्हणून जोडा. अ‍ॅड्सचं खातं आणि डोमेनही तसंच.

आधीच कुणाच्या तरी ईमेलवर अडकलं असेल, आणि तो मुलगा आता बेंगळुरूला नोकरीला गेला असेल, तर नकाशावरून ताब्याची विनंती पाठवा. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात, नाही दिलं तर बहुतेक वेळा पडताळणी करून ताबा घेण्याचा पर्याय उघडतो. ताबा मिळाल्यावर पहिले सात दिवस नव्या मालकाला जुन्याला काढून टाकण्यासारखी काही कामं करता येत नाहीत. हे सगळं दिवाळीच्या आठवड्यात काढू नका, श्रावणात उरकून घ्या.